वाचकांचे प्रश्न : गार्डन सबर्बमधली जुनी कॉटेजेस

इंग्लंडमधल्या हॅम्पस्टेड, ब्रेंथम, लेचवर्थ, बोर्नव्हिल इथल्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कॉटेजविषयी आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. काही पत्रं वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची आहेत, काही त्याच घरांत राहणाऱ्यांची. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मॉडेल व्हिलेज, गार्डन सिटी आणि गार्डन सबर्ब ही नावं पुस्तकांत सरमिसळ वापरलेली दिसतात. फरक नेमका काय? आणि पहिलं कोणतं?

उत्तर : वस्ती कुणी वसवली आणि तिथल्या माणसांचा रोजगार कुठे होता, हे दोन प्रश्न विचारले की गुंता सुटतो.

मॉडेल व्हिलेज कारखानदाराच्या पुढाकारातून उभं राहिलं. साबणाचे उत्पादक विल्यम लीव्हर यांनी १८८८ मध्ये लिव्हरपूलसमोर मर्सी नदीपलीकडे पोर्ट सनलाइट सुरू केलं. बर्मिंगहॅमजवळ जॉर्ज कॅडबरी यांनी १८९५ पासून बोर्नव्हिलची घरं बांधायला घेतली आणि यॉर्कजवळ जोसेफ राउंट्री यांनी १९०२ मध्ये न्यू इअर्सविक. बोर्नव्हिलची घरं फक्त चॉकलेट कारखान्यातल्या कामगारांसाठी नव्हती आणि १९०० मध्ये ती वस्ती एका विश्वस्त संस्थेच्या हाती दिली गेली, हे बऱ्याच लेखांत सुटतं.

गार्डन सिटी ही एबेनेझर हॉवर्ड यांची कल्पना. त्यांनी ती १८९८ च्या पुस्तकात मांडली. घरं, कारखाने, दुकानं आणि सभोवती शेतीचा पट्टा असं स्वतःच्या पायावर उभं राहणारं शहर त्यांना हवं होतं. १९०३ मध्ये सुरू झालेलं लेचवर्थ हे त्याचं पहिलं रूप. गार्डन सबर्बमध्ये मात्र फक्त राहायचं. कामाला आगगाडीने किंवा ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, शहरात जायचं. लंडनच्या वायव्येला समाजसुधारक हेन्रिएटा बार्नेट यांनी उभारलेल्या हॅम्पस्टेड गार्डन सबर्बचं काम मे १९०७ मध्ये सुरू झालं, आणि त्याच उन्हाळ्यात जवळच्या गोल्डर्स ग्रीनला ट्यूब पोचली.

पहिलं कोणतं, याचं उत्तर बहुतेक जण १८७५ मध्ये सुरू झालेलं पश्चिम लंडनमधल्या चिझिकजवळचं बेडफर्ड पार्क असं देतात. रस्त्यांची आणि झाडांची मांडणी पाहिली तर ते बरोबरच आहे. पण वास्तुरचनाकार नॉर्मन शॉ आणि इतरांनी आखलेली तिथली लाल विटांची घरं मध्यमवर्गासाठी होती. मजुराला परवडेल अशा कॉटेजचा इतिहास शोधायचा असेल तर बोर्नव्हिल, न्यू इअर्सविक आणि ईलिंगमधल्या ब्रेंथमकडे जावं. ब्रेंथमची पहिली नऊ घरं १९०१ ची आहेत. ती भाडेकरूंच्याच सहकारी संस्थेने बांधली.

प्रश्न : अभ्यासक्रमात आम्हाला पार्कर आणि अनविन या वास्तुरचनाकारांच्या कॉटेजचा नकाशा काढायला दिला आहे. बाहेरून घर साधं खेडवळ दिसतं. मग त्यात नवं काय होतं?

उत्तर : जे नवं होतं ते सगळं नकाशात आहे. उतरती कौलं आणि पांढऱ्या भिंती पाहून ही घरं म्हणजे जुन्या खेड्याची हौसेने केलेली नक्कल, असा समज होतो. तो बाजूला ठेवा आणि आधी शेजारी एका ‘बाय-लॉ’ घराचा नकाशा काढा. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर नगरपालिकांच्या नियमांनुसार ज्या लांबच लांब चाळवजा रांगा उठल्या, त्यांतलं घर घ्या. रस्ता रुंद आणि महाग, म्हणून प्रत्येक घराच्या वाट्याला रस्त्याकडची जेमतेम १५-१६ फूट रुंदी येई. जागेची भरपाई खोलीतून, म्हणजे मागे मागे वाढत जाऊन केली जाई. मुख्य घराच्या पाठीला एक अरुंद शेपूट जोडलेलं असे आणि त्यात धुण्याभांड्यांची मोरीवजा खोली, कोळशाची कोठी व संडास बसवलेले असत. या शेपटाने मधल्या खोलीचा उजेड अडे. तिची एकुलती खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीसमोरच्या बोळात उघडे.

रेमंड अनविन यांनी १९०२ मध्ये फेबियन सोसायटी या समाजवादी संस्थेसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचा रोख नेमका या शेपटावर आहे. त्यांनी आणि बॅरी पार्कर यांनी ते कापून टाकलं. घराची रुंदी वाढवली, मागे जाणारी लांबी कमी केली, आणि मोरी, धान्याचं कपाट, कोळसा हे सगळं एकाच छपराखालच्या साध्या आयतात घेतलं. मग राहती खोली दर्शनी भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत आरपार करता आली. दोन्ही टोकांना खिडकी असली की दिवसातून कधी ना कधी ऊन आत येतंच.

दुसरी गोष्ट दिशेची. घराचं तोंड रस्त्याकडे असलं पाहिजे हा संकेत अनविन यांनी मानला नाही. त्यांच्या मते तोंड सूर्याकडे हवं. घर रस्त्याच्या दक्षिणेला असेल तर राहती खोली मागच्या बागेकडे जाते, आणि जिना, मोरी व धान्याचं कपाट रस्त्याच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला येतात. म्हणून काही कॉटेजच्या दर्शनी भिंतीत फक्त छोट्या खिडक्या दिसतात. तो दोष नाही. नकाशा काढताना उत्तरेचा बाण आधी काढा, मगच खोल्या. बाणाशिवाय हा नकाशा वाचताच येणार नाही.

तिसरी गोष्ट धुराड्याची. राहत्या खोलीतली स्वयंपाकाची शेगडी आणि तिच्या पाठीला मोरीतलं कपडे उकळायचं तांब्याचं भांडं (त्याला खाली स्वतःची चूल असे) एकाच धुराड्याला जोडलेलं असतं. जोडघरात शेजाऱ्याचे धुराचे नळही त्याच स्तंभात येतात. चार-सहा नळांचा एकच जाड स्तंभ घराच्या मधोमध उभा राहिला की विटा वाचतात, उष्णता बाहेरच्या भिंतीतून निघून न जाता घरात राहते आणि छपराला भोकं कमी पडतात.

या नकाशाचं दुखणंही दाखवा, मग तुमचं काम पुरं होईल. आरपार खोलीत बाहेरचं दार थेट उघडत असेल आणि जिनाही तिथूनच चढत असेल, तर शेगडीची ऊब वर निघून जाते आणि दार उघडताच गार झोत पायांवर येतो. म्हणून चांगल्या नकाशांत दाराशी छोटी देवडी आणि शेगडीला दोन्ही बाजूंनी आडोसा असतो. दुसरा वाद बैठकीच्या खोलीचा. अनविन यांना रविवारपुरती उघडणारी वेगळी बैठक लहान घरात उधळपट्टी वाटे. भाडेकरूंना मात्र ती हवी असे. या वादात आम्हाला भाडेकरूंची बाजू पटते. आजारी माणसाला, अभ्यासाला, पाहुण्याला बंद दाराची एक खोली लागतेच. कामगारांच्या घरांचा विचार करणाऱ्या १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स या सरकारी समितीने शेवटी बैठक असलेले आणि नसलेले असे दोन्ही नमुने दिले.

प्रश्न : एकरी १२ घरं म्हणजे जमिनीची चैनच झाली. गरिबांसाठीची घरं अशी विरळ बांधणं परवडलं कसं?

उत्तर : रस्ते वाचवून. अनविन यांनी १९१२ च्या आपल्या पुस्तिकेत १० एकरांचा एकच तुकडा दोन पद्धतींनी आखून दाखवला. बाय-लॉ पद्धतीने त्यात ३४० घरं बसतात आणि घरटी जेमतेम ८३ चौरस यार्ड जमीन मिळते. विरळ पद्धतीने १५२ घरं बसतात, पण घरटी सुमारे २६१ चौरस यार्ड. म्हणजे जमीन तिपटीहून जास्त. जमीन आणि रस्त्यांचा खर्च धरून आठवड्याचं भुईभाडं पहिल्या पद्धतीत ८ पेनी येतं, दुसऱ्या पद्धतीत १२ पेनीला थोडं कमी. चार पेनीही न वाढवता तिप्पट जागा मिळते, कारण दाट वस्तीत जमिनीचा मोठा हिस्सा आणि बराच पैसा फरसबंदी रस्ते व गटारं खातात.

पण नियमच रुंद रस्ता मागत असतील तर ही बचत कागदावरच राहते. म्हणून हॅम्पस्टेडसाठी १९०६ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागला. त्यात सरासरी एकरी ८ हून जास्त घरं नकोत आणि समोरासमोरच्या घरांत किमान ५० फूट अंतर हवं, अशी बंधनं सबर्ब उभारणाऱ्या संस्थेने स्वतःवर घालून घेतली. बदल्यात ५०० फुटांपर्यंतचे आतले रस्ते फक्त २० फूट रुंद ठेवण्याची मुभा मिळाली. पलीकडे न जाणारे, टोकाला बंद होणारे छोटे रस्ते आणि त्यांच्याभोवती हिरवळीकडे तोंड करून बसलेली घरं ही मांडणी या मुभेतून आली. अॅस्मन्स प्लेस हा त्याचा सुरुवातीचा आणि अजूनही उत्तम नमुना. घरं दोन-दोन किंवा जास्तच्या गटात जोडलेली असतात. लांब गटांत मध्ये कमानीखालून मागच्या बागेकडे जायची वाट ठेवलेली दिसेल. ती नसती तर खत आणि कोळसा राहत्या खोलीतून न्यावा लागला असता.

प्रश्न : या घरांत न्हाणीघर नव्हतं, स्वयंपाकघरातच टब होता, हे खरं का?

उत्तर : लहान घरांत खरं आहे. टब मोरीच्या खोलीत ठेवत आणि त्यावर बिजागरीची फळी टाकत. एरवी ती फळी म्हणजे ओटा. बोर्नव्हिलचे वास्तुरचनाकार विल्यम अलेक्झांडर हार्वी यांनी काही घरांत टब जमिनीत खोल बसवून वर झाकण दिलं, तर काहींत तो कपाटात उभा करून ठेवता येईल असा केला. कारण साधं होतं. गरम पाणी कपड्यांच्या तांब्याच्या भांड्यातच तापे. वरच्या मजल्यावर न्हाणीघर म्हणजे वेगळी खोली, वेगळे नळ आणि शेगडीमागे पाणी तापवायची टाकी, असा सगळा खर्च भाड्यात चढला असता. आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या कुटुंबाला घरात पक्का टब मिळणं हीच त्या काळी मोठी गोष्ट होती.

प्रश्न : लेचवर्थच्या १५० पौंडांच्या कॉटेजचा उल्लेख नेहमी येतो. ती घरं अजून आहेत का?

उत्तर : बरीच आहेत. १९०५ च्या उन्हाळ्यात लेचवर्थला ‘चीप कॉटेजेस एक्झिबिशन’ भरलं. शेतमजुराला परवडेल असं घर १५० पौंडांत बांधून दाखवा, असं आव्हान होतं. शंभराहून जास्त घरं उभी राहिली. ती तात्पुरती नव्हती, प्रदर्शन संपल्यावर लोक त्यांत राहायला गेले. यामागे एक भांडणही होतं. ग्रामीण भागातले बांधकाम-नियम भिंत विटेची किंवा दगडाचीच हवी असा आग्रह धरत, त्यामुळे लाकूड आणि काँक्रीटचे स्वस्त प्रयोग अडत.

आवर्जून पाहावं असं घर विल्बरी रोडवरचं १५८ क्रमांकाचं. लिव्हरपूल शहराचे अभियंते जॉन ब्रोडी यांनी काँक्रीटच्या मोठ्या फळ्या आधीच ओतून घेतल्या आणि जागेवर आणून जोडल्या. कारखान्यात भाग तयार करून घर उभारायची पद्धत पुढे जगभर पसरली. तिची ही फार लवकरची पायरी आज संरक्षित वास्तू आहे. नॉर्टन वे नॉर्थवर वास्तुरचनाकार बेली स्कॉट यांची जुन्या वळणाची एल्मवूड कॉटेजेसही आहेत. दोन्ही एका दिवसात पाहा, म्हणजे एकाच प्रदर्शनात किती टोकाचे विचार शेजारी उभे होते ते कळेल.

प्रश्न : आमच्या मुलाने ब्रेंथमला जुनं घर घेतलं आहे. छप्पर गळतं. कारागीर म्हणतो की सगळी कौलं काढून काँक्रीटची मोठी, एकमेकांत अडकणारी कौलं टाका, स्वस्त पडेल. घालावीत का?

उत्तर : घालू नयेत. लोक वजनाचं कारण देतात, पण ते इथे लागू नाही. दाट बसवलेल्या छोट्या मातीच्या कौलांचं छप्परच जड असतं. खरी अडचण आकाराची आहे.

मूळ कौल साधारण साडेदहा इंच लांब आणि साडेसहा इंच रुंद, म्हणजे २६५ गुणिले १६५ मिलिमीटर. रिपा १०० मिलिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी किमान दोन कौलांचा थर येतो. चौरस मीटरला ६० कौलं लागतात आणि १० मीटर रिपा. ५० चौरस मीटरच्या पाख्याला ३,००० कौलं झाली, वर फुटीसाठी थोडी जास्त धरा. एवढ्या छोट्या तुकड्यांनी छप्पर वळवता येतं. दोन पाखी जिथे आत मिळतात ती घळ कौलांनीच गोल वळवून घेता येते, बाहेरच्या कोनावर टोपीसारखी वाकडी कौलं बसतात. मोठं काँक्रीटचं कौल यातलं काहीच करू शकत नाही. तिथे मग सिमेंटचे जाड पट्टे आणि धातूचे पन्हळ येतात, आणि पुढची गळती तिथूनच सुरू होते.

वळचणीची जागा नीट पाहा. बऱ्याच कॉटेजमध्ये पाखं खाली येताना शेवटच्या दीड-दोन फुटांत किंचित उचललेलं असतं. मुख्य वाशाच्या पायथ्याशी वरून एक छोटा निमुळता तुकडा ठोकून तो उठाव आणलेला असतो. त्याने पाणी भिंतीपासून लांब पडतं आणि छपराची ती ओळखीची मऊ रेषा येते. पण उठाव दिला की तिथला उतार कमी होतो. साध्या कौलांना ४० अंशांच्या आसपास तरी उतार हवा, आणि मुख्य पाखं सहसा ४५ ते ५५ अंशांचं असतं म्हणूनच हा उठाव परवडतो. नव्या कामात दोन चुका होतात. एक तर तो तुकडा पुन्हा ठोकतच नाहीत आणि घराचा चेहराच जातो. नाहीतर तो जास्त जाड ठोकतात. मग उतार फार कमी होतो आणि वाऱ्यासोबत पाऊस कौलांखाली उलटा शिरतो. कौलं काढण्याआधी प्रत्येक बाजूच्या वळचणीचा कोन मोजून, फोटो काढून ठेवायला सांगा.

गळतीचं मूळ कौलात क्वचितच असतं. आधी पाहा ते खिळे गंजले आहेत का, रिपा कुजल्या आहेत का, धुराड्याच्या पायथ्याचा शिशाचा पत्रा फाटला आहे का आणि पन्हळ पानांनी तुंबली आहे का. एखाद्या ठिकाणचीच गळती असेल तर सगळं छप्पर उघडायची गरज नाही. उघडावंच लागलं तर मातीची कौलं हाताने उतरवून एकेक वाजवून पाहा. खणखणीत आवाजाचं कौल पुन्हा वापरा, बद्द आवाजाचं किंवा पापुद्रे सुटलेलं बाजूला ठेवा. कमी पडतील तितकी त्याच मापाची मातीची कौलं घ्या. जुनी सगळी रस्त्याकडच्या पाख्यावर आणि नवी मागच्या पाख्यावर, असं वाटून घेतलं की ठिगळ दिसत नाही.

प्रश्न : लेचवर्थच्या आमच्या घराचा खडबडीत पांढरा गिलावा फुगला आहे आणि आतल्या भिंतीला ओल येते. वर जाड सिमेंटचा थर आणि जलरोधक रंग दिला तर थांबेल का? आणि भिंतीच्या पोकळीत थंडी अडवणारं साहित्य भरून घ्यावं का?

उत्तर : आधी पोकळी आहे का ते पाहा. या काळातल्या पुष्कळ कॉटेजची भिंत ९ इंची भरीव विटेची असते, तिला पोकळी नसतेच. एरवी विटांच्या रचनेवरून हे ओळखता येतं : विटांच्या लांब आणि आखूड बाजू आलटून पालटून दिसल्या तर भिंत बहुधा भरीव. तुमच्या विटा गिलाव्याखाली आहेत, म्हणून दाराच्या चौकटीशी भिंतीची जाडी मोजा आणि आतला-बाहेरचा गिलावा वजा करा. उरलेली जाडी २२५ मिलिमीटरच्या जवळ आली तर भरीव, २८० च्या जवळ आली तर मध्ये पोकळी. गिलाव्यासकट मोजून भरीव भिंतीला पोकळ समजण्याची चूक सर्रास होते.

आता गिलावा. भरीव भिंत थोडा पाऊस पिते आणि कोरडा वारा सुटला की तो सोडून देते. सिमेंटचा टणक थर आणि प्लास्टिकसारखा रंग दिला की सोडायची वाट बंद होते. त्या थराला केसाएवढी चीर पडतेच, कारण खालची वीट-चुन्याची भिंत हलते आणि वरचा थर हलत नाही. चिरेतून पाणी आत जातं, बाहेर येऊ शकत नाही. हिवाळ्यात ते गोठतं आणि थर भिंतीपासून सुटतो. तुमचा फुगवटा बहुधा आधी केलेल्या अशाच एखाद्या दुरुस्तीतून आला असेल.

दुरुस्तीआधी जमिनीकडे पाहा. भिंतीत जमिनीपासून निदान १५० मिलिमीटर वर ओल अडवणारा थर असतो, त्या काळच्या घरांत अनेकदा पाटीच्या दगडाचा. फुलझाडांचे वाफे किंवा काँक्रीटची वाट चढत चढत त्याच्या वर गेली तर ओल थेट आत येते. माती खाली घ्या, आणि लाकडी जमिनीखाली हवा खेळवणाऱ्या जाळीच्या विटा मोकळ्या करा. कधी कधी एवढ्यानेच ओल हटते.

मग गिलावा लाकडी मुठीने ठोकत चला. पोकळ वाजेल तेवढाच काढा. जुन्या गिलाव्याचा तुकडा तपासायला द्या, कारण या काळात चुन्यात थोडं सिमेंटही मिसळत. नवं मिश्रण जुन्यापेक्षा टणक नको. चुन्याचा असेल तर मध्यम ताकदीचा पाण्यात घट्ट होणारा चुना एक भाग आणि जाडी-भरडी धुतलेली वाळू अडीच भाग. भिंत भिजवून साधारण १० मिलिमीटरचा पहिला थर द्या, ओला असतानाच त्यावर ओरखडे काढा. तो घट्ट झाला की दुसरा. शेवटचा थर थापायचा नसतो, फेकायचा असतो. सरबरीत चुन्या-वाळूत ६ ते १० मिलिमीटरचे गोटे आधीच मिसळून ते मिश्रण लहान थापीने झटक्यात भिंतीवर मारतात, म्हणजे प्रत्येक गोट्यावर चुन्याचं आवरण राहतं. ओल्या गिलाव्यावर कोरडे गोटे मारणं ही वेगळी, पुढे लोकप्रिय झालेली पद्धत आहे. ती या घरांवर शेजारच्या जुन्या कामाशी जुळत नाही.

काम वसंत ते उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंतच करा. तापमान ५ अंशांखाली जायची शक्यता असेल तर सुरूच करू नका. प्रत्येक थरावर ओलं गोणपाट टांगून निदान आठवडाभर तो सावकाश वाळू द्या. घाई केली की चुना पीठ होऊन गळतो. शेवटी चुन्याच्या पातळ सफेदीचे चार-पाच हात. थंडी अडवायची असेल तर पोटमाळ्यापासून सुरुवात करा. बाहेरून जाड थर चढवू नका. त्याने वळचण आखूड होते आणि खिडक्या भोकांत गेल्यासारख्या दिसतात. छपरात खोली असेल तर उतरत्या छतात भरलेल्या थंडी अडवणाऱ्या थरामागे ५० मिलिमीटर हवेची वाट मोकळी सोडा.

प्रश्न : शिशाच्या पट्ट्यांत छोट्या काचा बसवलेल्या आमच्या खिडक्या मधे फुगल्या आहेत. बदलाव्यात का?

उत्तर : बहुधा फुगवट्याचं कारण तुटलेली तांब्याची तार असते. आतल्या बाजूला आडवी सळई असते आणि शिशाची जाळी तारांनी तिला बांधलेली असते. तार तुटली की वारा जाळी ढकलत राहतो. पट काढून आडवा ठेवून हळूहळू सपाट करता येतो आणि नव्या तारा डाखून घेता येतात. चौकट लोखंडी असेल तर खालच्या पट्टीचा गंज घासून जस्तयुक्त प्राथमिक रंग द्या. थंडीसाठी आतून दुसरी, काढता येईल अशी काच बसवा. प्लास्टिकच्या चौकटी इतक्या जाड असतात की उजेडाची काचच कमी होते, आणि ही घरं उजेडासाठीच तर आखली होती.

प्रश्न : हॅम्पस्टेडला पुढची कुंपणाची झाडं काढून मोटारीसाठी फरशी घालायची आहे. घर आपलं, जमीन आपली, तरी परवानगी लागते?

उत्तर : लागते, आणि एकाहून जास्त. हा भाग संवर्धन क्षेत्रात आहे, म्हणून आधी नगरपालिकेला विचारा. एरवी परवानगीविना चालणारी पुष्कळ कामं इथे विशेष आदेशाने रोखलेली असू शकतात. घर संरक्षित यादीत असेल तर त्याची संमती वेगळी. ती न घेता केलेलं काम फौजदारी गुन्हा ठरतं. त्याखेरीज सबर्बची विश्वस्त संस्था आहेच. घर पूर्ण मालकीचं असलं तरी बाहेरच्या आणि बागेतल्या बदलांना तिची मान्यता लागते. झाड तोडायचं असेल आणि दीड मीटर उंचीवर त्याच्या खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरहून जास्त असेल, तर नगरपालिकेला सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

आमचं मत विचाराल तर काढू नका. इथे घरांमधली हद्द भिंतीने नव्हे, झुडपांनी आखायची हे वस्तीच्या मूळ नियोजनातच ठरलेलं होतं, आणि एका घराने फट पाडली की पूर्ण रस्त्याची ओळ तुटते. फरशीमुळे पावसाचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी साठतं, ते वेगळंच. कुंपण विरळ झालं असेल तर उपाय सोपा आहे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये मातीविना मुळांची बीच किंवा प्रिव्हेटची रोपं मिळतात. ३० ते ४५ सेंटिमीटरवर लावा, मुळं वाळू देऊ नका, पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घाला आणि बुंध्याशी गवत माजू देऊ नका.